लाखेच्या बांगड्या

मायं तोंड पह्यलेपासून वाईट. मनात आलं का भायेर पडलंच. म्हणून त्या पौषात जे झालं, ते माया तोंडानं झालं, दुसऱ्या कोनाच्या नाई.

विलायतवाले कापसासाठी येडे झाले होते, तवाची गोष्ट. अमरावतीच्या पेठेत दिवसभर लाकडी चरक्याइची कुरकुर चाले. शालिकराम मुकादमाच्या आवारात आमी बारा बाया चरकीवर कापसातली सरकी काढत होतो. माया बाजूले शकुन बसे. लग्नाले सालच झालं होतं. नवरा सरकी काढलेल्या रुईची बैलबंडी हाकत बडनेऱ्याले जाये. थंडीपायी आमी दोघी घोंगडी पांघरून काम करत होतो.

एक दिवस तिनं रुईवरून हात नेला, अन् एक पुंजका आपसूक उडून तिच्या लाखेच्या बांगड्याइले चिकटला. तिनं धरला नाई, उचलला नाई!

"अवं माय! चेटकीण हाय ही!" मी अशी बोंबलली का साऱ्या चरक्या थांबल्या.

"मावशी, म्या काईच नाई केलं वं," शकुन म्हणे. तिनं माया हाताकडं पाह्यलं अन् गप झाली. मले वाटलं, पाप उघडं पडलं. म्या तिचा हात उंबऱ्यावर धरला अन् दगडानं साऱ्या बांगड्या फोडल्या. नवरा जित्ता असलेल्या बाईच्या! मुकादमानं तिले तवाच हाकललं. मंग पेठेत कोनीच तिले कामावर घेईना.

आठ दिवसानं मी घरी घोंगडी झटकत होती. माया लाखेच्या बांगड्या तिच्यावर घासल्या, अन् वातीसाठी ठेवलेली रुई उडून माया हातावर आली. पुन्हा घासल्या, पुन्हा आली. बांगड्या ओल्या केल्या, नाई आली. चांदीचा गोट घासला, नाई आली. कोरडी लाख अन् घोंगडी, बस, एवढंच होतं. ना करणी, ना काई.

तवाच आवारात जाऊन सांगाले पायजे होतं. बाया मलेच चेटकीण म्हणतील, मायी चरकी जाईल, याचं भेव वाटलं. चार दिवस हात पदरात लपवून कामावर गेली. सोताचीच लाज वाटे, तरी गेली.

पाचव्या दिवशी शकुन दारात उभी. डोक्यावर गाठोडं. नवरा-बायको वलगावले तिच्या मायेरी चालले होते. मनगटं उघडीच.

"काहून वं, कासाराकडून बांगड्या नाई भरल्या?"

"कासार मले हात लावाले भेते, मावशी."

मंग म्या पदरातून हात काढला. "पोरी, माया हातालेबी रुई येते."

"ठाव हाय मले. त्या दिवसाच्या आधी दोनदा पाह्यलं म्या. तुमी झटकून टाकली, तुमाले कळलंबी नाई."

"मंग तवा काहून नाई सांगितलं?"

"तुमच्याबी फोडल्या असत्या ना बाकीच्या बायाइनं."

एवढं बोलून ती वलगावच्या रस्त्याले लागली. मुकादमाचं आवार माया दारापासून शंभर पावलंबी नव्हतं. खरं सांगाले मी नाई गेली.