राज्य कुणावर?

बाबुरावांनी जवळजवळ सगळं जग जिंकलं होतं, आणि दोन दिवस झाले, त्यांना अन्न गोड लागत नव्हतं.

जग म्हणजे लॅपटॉपवरचं. पण म्हणून काही ते सोपं नव्हतं. त्यात रोमन होते, चिनी होते, घोड्यावरून उतरायलाच तयार नसलेले मंगोल होते. दिल्लीत एका मंत्रालयात चौतीस वर्षं नोटिंग-ड्राफ्टिंग करून अवर सचिव म्हणून निवृत्त झालेल्या या गृहस्थानं, गाझियाबादच्या फ्लॅटमध्ये बाल्कनीच्या दाराशी टेबल टाकून, गेल्या आठ महिन्यांत त्या सगळ्यांची फाइल निकाली काढली होती. आता नकाशावर एकच शहर उरलं होतं, आणि त्याला चारही बाजूंनी बाबुरावांच्या तोफांनी वेढलं होतं. शहराचं नाव सरोजिनी नगर.

ते शहर श्रावस्तीचं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं. गेले आठ महिने ती हैदराबादला नोकरी शोधत होती... नाही, हे बाबुरावांचं म्हणणं झालं. खरं सांगायचं तर आठ महिन्यांपूर्वी ती हैदराबादला नोकरीला लागली होती आणि उत्तम चाललं होतं तिचं. त्याआधी सहा वर्षं तिनं सिव्हिल सर्व्हिसचा अभ्यास केला, तीनदा मुलाखतीपर्यंत पोचली, तीनदा यादीत नाव आलं नाही. चौथ्यांदा बसणार नाही, असं तिनं मे महिन्यात सांगितलं तेव्हा घरात पाहुणे होते. त्या पाहुण्यांसमोर बाबुराव म्हणाले होते, "सहा वर्षं झाली, तुझ्याकडून एक फाइल निकाली निघाली नाही!" पाहुणे हसले. श्रावस्ती हसली नाही. आठवड्याभरात ती गेली, आणि त्या दिवसापासून बापलेकीत चकार शब्द नाही.

राहिला होता तो हा खेळ. बाबांना रिटायरमेंटमध्ये वेळ जावा म्हणून तिनंच तो लॅपटॉपवर टाकून दिला होता. यात एकानं आपली चाल करायची, फौजा हलवायच्या, शहरं वाढवायची, आणि मग दुसऱ्याच्या चालीची वाट बघायची. बाबुराव सकाळी चहाबरोबर चाल करायचे, श्रावस्ती तिकडे ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत. भांडणानंतरही त्यात एक दिवस खंड पडला नव्हता. फोनवर बोलायची ती आईशी. बाबांशी तिचं युद्ध चालू होतं, आणि युद्ध तरी चालू होतं.

म्हणूनच तर जीव टांगणीला लागला होता. ते शेवटचं शहर घेतलं की खेळ संपला. खेळ संपला की मुलीकडून रोज दुपारी येणारी ती एक "टिंग" संपली. मग काय उरलं?

परवा तिची जेवणाची सुट्टी लांबली आणि चार वाजता चाल आली, तेव्हापासून बाबुरावांनी लॅपटॉपला हात लावला नव्हता. बाल्कनीतून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातून बाल्कनी. बाहेर जानेवारीतलं धुरकट ऊन. पेपर उघडला, मिटला. खाली उतरून दूध आणायला गेले आणि दूध न घेताच परत आले. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ उलटं चालत होतं: अठ्ठेचाळीस तासांत चाल केली नाही, तर कॉम्प्युटर तुमच्या वतीनं चाल करणार. ते बाबुरावांनी वाचलं होतं. पण त्याची त्यांना भीती नव्हती. फाइल टेबलावर दाबून ठेवली की ती हलत नाही, हा चौतीस वर्षांचा अनुभव. सही नाही तर हुकूम नाही. सरकार असं चालतं, तर मग साधा खेळ काय चीज आहे?

"अहो, बसा की जरा," नंदाताई म्हणाल्या. त्या बाल्कनीत मटार सोलत बसल्या होत्या. "पाय दुखतात म्हणून रात्रभर मला जागवता, आणि दिवसभर असे येरझारा घालता."

"बसलोय की."

"उभे आहात."

बाबुराव बसले. साडेतीन वाजले होते. नंदाताईंनी चार शेंगा सोलल्या आणि विषय काढायचा की नाही, हा त्यांचा विचार पुरा झाला.

"धम्मचक्र दिनाला तुम्ही तिला काय लिहून पाठवलं होतं हो?"

बाबुराव चपापले. ऑक्टोबरात त्यांनी एकदा पांढरं निशाण फडकावलं होतं खरं. खेळात तहाचा प्रस्ताव पाठवता येतो आणि त्यासोबत एक ओळ लिहिता येते. दीक्षाभूमीवरचा सोहळा टीव्हीवर बघताना त्यांचं मन भरून आलं आणि त्यांनी तह पाठवला. उत्तर म्हणून श्रावस्तीनं दुसऱ्याच दिवशी युद्ध पुकारलं. तेव्हापासून बाबुरावांनीही मागेपुढे पाहिलं नाही.

"चांगलंच लिहिलं होतं," ते म्हणाले. "तिला नाही पटलं. तुझी लेक आहे ती."

"काय लिहिलं होतं ते सांगा."

"लिहिलं होतं, आता राज्य तुझ्यावर."

नंदाताईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग त्यांनी कपाळावर हात मारला.

"काल फोनवर रडली ती. म्हणाली, बाबांना अजून माझ्यावर राज्य करायचंय. सहा वर्षं केलं, तेवढ्यानं पोट भरलं नाही. आणि तेही लिहून कळवतात!"

"अगं, पण ते लपाछपीतलं राज्य!" बाबुराव ताडकन उठले. "म्हणजे आता तुझी पाळी, तू ये शोधायला, तू फोन कर. एवढं साधं मराठी कळत नाही तिला?"

"मला कळलं. मी हिंगणघाटच्या गल्लीत लपाछपी खेळले. ती खेळली दिल्लीत, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरांमध्ये, पंजाब्यांच्या अन् बिहाऱ्यांच्या पोरांसोबत. तिथं कुणावर राज्य येत नाही हो. तिथं म्हणतात, तेरी डेन. आपण कधी शिकवलं तिला?"

बाबुराव परत खाली बसले. एका शब्दापायी त्यांनी पोरीची दहा शहरं जाळली होती.

त्यांनी फोन उचलला. आठ महिन्यांत पहिल्यांदा तिच्या नावावर बोट ठेवलं. रिंग वाजली, वाजली, आणि कट झाली. पुन्हा लावला. पुन्हा कट. "मीटिंगमध्ये असेल," नंदाताई म्हणाल्या, पण त्यांचाही आवाज बारीक झाला होता. मग बाबुराव मेसेज लिहायला बसले. एका बोटानं. पहिला मसुदा "उपरोक्त विषयासंदर्भात" असा सुरू झाला. तो त्यांनी स्वतःच खोडला. दुसरा इतका लांबला की त्यात शब्दाची व्युत्पत्ती आली. तिसऱ्याला "बेटा" एवढंच लिहून झालं आणि पुढे काही सुचेना. राग कुणावर काढावा कळत नव्हतं, आणि घड्याळात चारला एक मिनिट कमी होतं.

चार वाजले आणि लॅपटॉपमधून तुताऱ्या वाजल्या.

बाबुराव धावले. परवा, तिची चाल यायच्या आधी, त्यांनी तोफांना पुढे सरकायचा हुकूम देऊन ठेवला होता. तो हुकूम मागे घ्यायचा राहिला होता. कॉम्प्युटरनं फाइल दाबून वगैरे ठेवली नाही. वेळ झाली, हुकूम बजावला. सरोजिनी नगरावर बाबुरावांचा झेंडा होता. पडद्यावर सोनेरी अक्षरं उगवली, फटाके उडाले. जग त्यांचं होतं. आणि त्यांना हुंदका आला. लपवावा असं वाटलं, पण लपवता आला नाही.

नंदाताई मटाराचं ताट बाजूला ठेवून उठल्या, तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, घेतलंत?" श्रावस्तीचा आवाज चढलेला होता. ना नमस्कार, ना जयभीम. "शेवटी घेतलंतच ना? दोन दिवस तुम्ही चाल केली नाहीत, मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"वाटलं, नाही घेणार." आवाज फुटला. "मी रोज लंचमध्ये ते एकच शहर सांभाळत बसायचे, यार. सगळे हसायचे मला. हरायला एक मिनिट पुरलं असतं. पण हरले असते तर मग... बिल्कुलच काही नसतं राहिलं."

"मी नाही घेतलं गं, कॉम्प्युटरनं घेतलं," बाबुराव म्हणाले, आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. हिंगणघाटची गल्ली, डोळे मिटून शंभरपर्यंत मोजणारं पोर, आणि राज्य म्हणजे काय. सांगता सांगता ते मध्येच थांबले, कारण आतापर्यंत जी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती ती आत्ता आली.

"श्रावस्ती, ज्याच्यावर राज्य असतं ना, त्यानं शोधायला निघायचं असतं. मे महिन्यात जे बोललो ते मी बोललो. चारचौघांत बोललो. चूक माझी होती, म्हणजे राज्य माझ्यावर होतं. आणि मी ते उलटं तुझ्यावर ढकललं."

पलीकडे ऑफिसचा गलका ऐकू येत होता. कुणीतरी तिला हाक मारली. तिनं फोन ठेवला नाही.

"तू राहतेस कुठे?" बाबुरावांनी विचारलं.

"म्हणजे? हैदराबादला."

"पत्ता विचारतोय."

तिच्या अकराही शहरांच्या तटबंद्या त्यांना तोंडपाठ होत्या. कुठल्या नदीवर पूल आहे आणि कुठल्या वेशीवर पहारा कमी आहे, हे झोपेत विचारलं तरी सांगितलं असतं. आपली पोर कुठल्या गल्लीत राहते, हे त्यांना माहीत नव्हतं.

"आईकडे आहे की पत्ता."

"मला तू सांग."

नंदाताईंनी न मागता पेन पुढे केलं. श्रावस्ती सावकाश सांगू लागली, बाबुराव पेपरच्या समासात लिहू लागले. घर नंबर, गल्ली, कुठल्या दवाखान्यासमोर.

"चौथा मजला," ती म्हणाली, आणि थांबली. "बाबा, लिफ्ट नाहीये. तुमचे गुडघे..."

"पुढे सांग," बाबुराव म्हणाले, आणि 'लिफ्ट नाही' हेही त्यांनी लिहून घेतलं.