रूपरावांचा काळा कोट

छप्पन सालच्या उन्हाळ्यात मी नांगराचं सामान आणायला नागपूरला गेलो आणि कॅमेरा घेऊन आलो. नांगराचं सामान राहूनच गेलं. आमच्या सुमतीच्या आईनं ती काळी पेटी हातात तोलून पाहिली आणि विचारलं, "अन याले जुंपाचं कुठं?"

पेटी पोटाशी धरायची, वरच्या काचेत पाहायचं, कळ दाबायची. मग बाजूची चावी फिरवायची, म्हणजे आतली फिल्म पुढे सरकते. हे शेवटचं काम मी हमखास विसरायचो. सुमतीची आई चुलीपुढून ओरडायची, "चाबी फिरवली काय?" तिला फोटोतलं काही कळत नव्हतं, पण चावी तिच्याच भरवशावर होती.

मी बैलांचे फोटो काढले. कापसाच्या गाडीचा काढला. बाभळीवर बसलेल्या नीळकंठाचा काढला, तो माशीएवढा आला. घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी तो बोट ठेवून दाखवायचो, आणि बोटाखाली तो झाकला जायचा.

"बैलाचे फोटो पाह्यले, पाखराचेबी पाह्यले. या घरात माणसं राहत नाईत काय?" ती म्हणायची. पण कॅमेरा तिच्याकडे वळवला की, "थांबा, चांगलं लुगडं नेसू द्या," म्हणून आत जायची, ती बाहेर यायचीच नाही.

एकदाच सापडली. अंगणात कुरड्या वाळत होत्या, त्यात आमची बकरी शिरली. ही विटून पांढरं पडलेलं लुगडं खोचून, काठी उगारून धावली. मी कळ दाबली. ती बकरीमागे गल्लीत गेली आणि मी हसत उभा राहिलो. चावीचं कोणीच बोललं नाही.

त्याच भादव्यात ती तापानं गेली. कॅमेरा ट्रंकेत गेला. कितीतरी दिवस मी शेतातून आलो की चुलीकडे पाहून भाकर मागायचो, आणि सुमती उठून वाढायची.

पुढच्या वर्षी वर्षश्राद्ध जवळ आलं तशी माझी मोठी वहिनी रुख्माबाई म्हणाली, "पाटावर फोटो पाह्यजे. हार घातलेला. तुमच्या त्या डब्यात तिचा एक आहे म्हणता ना?"

"आहे. पण रोल संपला नाही."

"मंग संपवा! का त्याचीही वरसी कराची आहे?"

तेव्हा सुमतीच्या नवसासाठी केळझरच्या गणपतीला जायचं ठरलंच होतं. सोबत रूपराव आले. रूपराव म्हणजे सुमतीच्या आईचे थोरले भाऊ. माणूस धिप्पाड, पण शिंक आली तरी वैद्याकडे जाणारा. फोटो निघणार म्हणून ते लग्नातला काळा कोट घालून आले होते. पावसानं उघडीप दिली होती आणि ऊन मी म्हणत होतं.

"मामा, कोट काढा, चक्कर येईन," सुमती म्हणाली.

"फोटो निघाल्यावर येऊ दे," मामा म्हणाले.

देवळाच्या पायऱ्यांवर मी तिघांना बसवलं. मधे रूपराव, एका बाजूला रुख्मावहिनी, दुसऱ्या बाजूला सुमती. कळ दाबली. चावी फिरवा म्हणून सुमतीनं आठवण करून दिली तेव्हा फिरवली. उरलेल्या फिल्मवर देवळाचा कळस आणि वाटेतली माकडं काढून रोल संपवला आणि परत येताना वर्ध्याला एका फोटोवाल्याकडे दिला.

फोटो घ्यायला गेलो तेव्हा तो माणूस माझ्याकडे जरा दबकून पाहत होता. त्यानं एक फोटो पुढे सरकवला. केळझरच्या पायऱ्या, त्यावर तिघंजण, आणि रूपरावांच्या छातीवर सुमतीची आई. काठी रूपरावांच्या कानाजवळ. रुख्मावहिनीच्या मांडीवर बकरी.

"चावी फिरवली नाही तुम्ही," तो म्हणाला. "एकावर एक दोन फोटो पडले."

"यातला हा माणूस काढून टाकता येईल का?"

"येईल. पण मग बाईही जातील. बाकी सगळीकडे त्या पुसट आहेत. या काळ्या कोटावर तेवढ्या स्वच्छ आल्या."

मी पाहिलं. खरंच, दातसुद्धा दिसत होते. बकरीला शिव्या देताना ती हसत होती, हे मला तेव्हा कळलंच नव्हतं. मी तोच फोटो मोठा करून चौकटीत बसवून घेतला. दुसरा होताच कुठं? कॅमेऱ्यात नवा रोलही घालून घेतला.

श्राद्धाच्या दिवशी चौकट पाटावर ठेवली. रुख्मावहिनीनं झेंडूचा हार बाजेवर काढून ठेवला होता. रूपरावांनी चौकट पाहिली आणि मागे सरकले.

"जवाईबुवा, मी जित्ता आहो!"

"कोण नाही म्हणते?"

"मंग जित्त्या माणसाच्या फोटोले हार घालता? अन तोही श्राद्धाचा?"

"तुमाले नाई, तिले घालून राह्यलो," वहिनी म्हणाली.

"तिचं तोंड माह्या छातीवर आहे. म्हणजे हार माह्याच गळ्यात येते ना! अन बकरी तुमच्या मांडीवर आहे, म्हणून सुचते तुमाले."

"लहान हार करू."

"लहान मरण येईन मंग!"

सुमती पदरात तोंड घालून हसायला लागली. वर्षभरात मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

रूपरावांनी चौकट उचलून उजेडात नेली. "हे माह्यावर काऊन काठी उगारून राह्यली?"

"बकरीवर, मामा."

"बकरी तिकडं आहे. काठी इकडं आहे." मग त्यांनी चौकट आणखी जवळ धरली. "मी आंबे चोरले की अशीच धावे. अशीच हसे. आनंदे, बहिणे, तूही मोठी वस्ताद."

त्यांनी चौकट पाटावर नीट ठेवली, कोटाची वरची गुंडी लावली आणि डोळे मिटून समोर बसले. आजही तोच कोट घालून आले होते. "घाला हार. माही बहीण आहे. जे व्हाचं ते होऊ द्या."

मी हार घ्यायला वळलो. बाजेवर बकरी उभी होती. अर्धा हार तिच्या पोटात गेला होता आणि अर्धा तोंडाबाहेर लोंबत होता.

वहिनीनं सवयीनं काठीला हात घातला आणि तिथंच थांबली. कोणीच धावलं नाही. बकरीनं निवांत उरलेला हार संपवला.

"घातला काय?" रूपरावांनी डोळे न उघडता विचारलं.

"नाई," वहिनी म्हणाली. "तुम्ही वाचले."

दुसरा हार करायचं कोणी काढलं नाही. पाटावर एक फूल ठेवलं, पाणी सोडलं, आणि मी आतून कॅमेरा आणला. बकरीच्या दाढीला झेंडूच्या पाकळ्या लागल्या होत्या, तेवढा एक फोटो काढला. मग रूपराव आपल्या बहिणीशेजारी बसलेले दिसले. म्हटलं, यांचाही घ्यावा. पेटी पोटाशी धरून मी त्यांच्याकडे वळलो.

रूपरावांनी दोन्ही हात वर केले.

"जवाईबुवा, पयले चाबी फिरवा! नाई तर आता माह्या कोटावर बकरी येईन!"

मी चावी फिरवली.