कुणाची मान, कुणाचा मान

मी एक जुना सुरा आहे, आणि बाटलेला आहे. मित्रांनो, ज्याला विटाळ वाटत असेल त्याने खुशाल उठून जावे.

ट्रकच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्यातून लोहाराने मला घडवले आणि लगेच मला देवाला वाहिले. देवाच्या सुऱ्याला दगड लावायचा नाही, पाणी दाखवायचे नाही, असा दंडक. मानकरी आजोबा मला कपाळाला लावत, लोक माझ्या पाया पडत. पण मी पुरता बोथट. नवसाचे बकरे एका घावात सुटत नसे. तीन लागत, कधी पाच. लोक जयघोषात दंग, त्यामुळे त्याचे ओरडणे मलाच ऐकू येई. रक्त, आतडी, सगळे विहिरीशेजारच्या खड्ड्यात जाई.

यंदा आजोबांची नात जुलाबांनी आडवी झाली. गल्लीतली आणखी अकरा पोरेही. नर्सबाई विहिरीत डोकावून म्हणाल्या, "देव नाही कोपला, आजोबा. विहीर नासलीय. खड्ड्यातलं सगळं पाण्यात उतरतंय."

आजोबांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले आणि नातीसाठी नवस बोलले. दारात काळा बोकड बांधला. सकाळी मला घ्यायला गेले, तर खुंटी रिकामी!

मी मागच्या अंगणात होतो. आजी मला दगडावर खसाखसा घासत होती. वर उकळते पाणीही ओतले तिने.

"अगं, बाटवलास की त्याला!"

"धुतला. चाळीस वर्षं राहिलं होतं."

"माझा मान आहे तो!"

"मान जाते बोकडाची आणि मान वाढतो तुमचा! पुन्हा तोच खड्डा भरा आणि तेच पाणी पोरीला पाजा. मी नाही देणार सुरा. देव रागावला तर माझं नाव सांगा."

आजोबांचा हात पुढेच राहिला. तेवढ्यात आतून नातीने क्षीण आवाजात पाणी मागितले. आजी उकळून गार केलेले पाणी घेऊन आत गेली. आजोबा बोकडाकडे बघत राहिले. मग पुटपुटत फावडे उचलून खड्डा उपसायला निघाले.

आठ दिवसांनी नात उठून बसली. आजी म्हणते, नर्सबाईंच्या सलाईनने. आजोबा म्हणतात, देवाने. बकऱ्यावाचून उठून बसली, एवढे मात्र दोघांनाही कबूल.

आता मी गवत कापतो. लोक नाक मुरडतात, मुरडू देत. मित्रांनो, पाणी जपा, मुक्या जिवाला जपा, आणि मला परत त्या खुंटीवर चढवायला कुणी आला तर त्याला आजीकडे पाठवा.

काळा बोकड माझ्याकडे पाठ करून निवांत चरतो. एवढा मान मला आजवर कुणी दिला नव्हता.