उघडा राहिलेला कंस

“सापडला का हो, बाबा?”

“एवढ्यात? कंस आहे तो. कपाळावर सापडायला चष्मा नव्हे.”

खरं तर कंस केव्हाच सापडला होता. प्रबंधाच्या फाइलीत तिसऱ्या पानावर वर्गमुळाच्या आज्ञेपुढे मुलीने महिरपी कंस उघडला होता आणि मिटायचा राहून गेला होता. अशा वेळी संगणक पानं तयारच करत नाही, संप पुकारतो आणि बोट दाखवतो ते भलतीकडेच, पार शेवटच्या ओळीवर. मुलगी सकाळभर ती निरपराध ओळ उलटतपासत होती.

बाप छापखान्यातला जुळारी. आधी शिशाचे अक्षरखिळे जुळवले, मग संगणकावर आज्ञा टंकल्या : उलटी तिरकी रेघ, आज्ञेचं नाव, कंस उघडा, कंस मिटा. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांची गणितं देखणी करून दिली. त्यातलं एकही त्याला कळलं नाही, आणि कळावं अशी कुणाची अपेक्षाही नव्हती. शिंप्याला लग्नाचं आमंत्रण थोडंच असतं!

मुलगी गणितात गेली तेव्हा तिचा प्रबंध आपणच जुळवायचा, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं. तिने तो स्वतःच टंकला. “आजकाल सगळे स्वतःच करतात, बाबा.” त्यात वावगं काही नव्हतं. त्या दिवशी त्याने आमटीत मीठ कमी असल्याची तक्रार केली, एवढंच. मीठ बरोबर होतं.

आज फाइल अखेर त्याच्या हाती आली होती. कंस मिटला की ती परत जाणार. म्हणून तो पानामागून पान वाचत बसला होता. बदललं मात्र काहीच नाही. पाहुण्याने घरातलं सामान हलवू नये.

“अहो, छापखान्यात म्हणे वासावरून चूक काढायचात,” आईने टोमणा मारला. “आज नाक चोंदलंय?”

“चिवट आहे जरा.”

“कंस चिवट, नि तुम्ही गरीब बिचारे!”

तेवढ्यात मुलीचा फोन वाजला. बोलताबोलता तिचा आवाज बारीक झाला. “सर होते. पाचपर्यंत प्रत दिली नाही तर पुढच्या सत्रावर जाईल. जाऊ दे, सांगते त्यांना, नाही होत म्हणून...”

“थांब.”

तो फाइलीत मागे गेला, कंस मिटला आणि एक कळ दाबली. पानं सरसर तयार झाली.

“कुठे होता?”

“तिसऱ्या पानावर.”

“तुम्ही तर शेवटच्या प्रकरणात होता! मग इतका वेळ काय करत होता?”

“वाचत होतो.”

आई काहीतरी बोलणार होती. त्याऐवजी तिने उठून छपाईयंत्रात कागद भरला.

“बाबा, इथे माझा जीव टांगणीला लागलाय आणि तुम्ही...” मुलगी चिडून म्हणाली, आणि मध्येच थांबली. “कळलं काही?”

“छे. अक्षर न् अक्षर वाचलं. ओ की ठो कळलं नाही.”

पानं छापून झाली. एका पायात चप्पल घालून मुलगी दारात उभी राहिली, घड्याळ पाहिलं, आणि परत येऊन त्याच्या खुर्चीच्या हातावर टेकली. गठ्ठ्यातलं पहिलं पान तिने त्याच्यापुढे धरलं.

“पाचच मिनिटं आहेत हं. हे बघा, समजा एक गोष्ट सारखी बदलतेय...”

“एक मिनिट,” तो म्हणाला. उठून त्याने घरघरणारा पंखा बंद केला, आणि परत येऊन बसला.