विहिरीचं पाणी प्यायलेली बोट

मी शेवंती बोलतेय. फूल नव्हे हो, बोट. आगाशीच्या एका केळीच्या बागेत, विहिरीच्या रहाटाजवळ मी कलती पडलेय. माझ्या तळाला माणूस आत शिरेल एवढं भोक आहे आणि त्यातून आता अळूचं पान वर आलंय.

बोट आणि बागेत? हसा बापडे. हसण्यासारखंच आहे ते. पण हसून झालं की जरा बसा, कारण मी किती दिवसांची सोबती आहे ते माझं मलाच माहीत.

माझा जन्म लढाईतला, साल त्रेचाळीस. मुंबईच्या गोदीत सगळीकडे घाई. सागवान मिळेना, तेव्हा सुतारांच्या हाताला जे लाकूड लागलं त्याच्या फळ्या झाल्या. वर जाड रंग मारला, पोटात पेट्रोलचं इंजिन बसवलं, नाकावर नंबर लिहिला. गोऱ्या साहेबांना बंदरातून मोठ्या जहाजांवर न्यायचं आणि आणायचं, एवढंच माझं काम. पण पळायचे मात्र मी अशी, की बाकीच्या होड्या नुसत्या डुलत बघत राहायच्या.

लढाई संपली आणि साहेबांना मी जड झाले. गरज सरो, वैद्य मरो. माझा लिलाव झाला.

त्या लिलावात दिनानाथ आले होते. आगाशीचे बागाईतदार माणूस, पानवेल आणि केळी लावणारे. पानांच्या करंड्या घेऊन मुंबईला त्यांचं नेहमीचं येणं. रहाटाला बैल जुंपून कंटाळले होते, म्हणून एखादं इंजिन मिळतंय का ते बघायला आले. त्यांनी माझं इंजिन बघितलं, मग माझ्याभोवती एक फेरी मारली, मग दुसरी. तिसऱ्या फेरीला त्यांनी माझ्या काठावरून हात फिरवला तेव्हाच मी ओळखलं, की हा माणूस आता इंजिनावर थांबत नाही.

घरी आनंदीबाईंनी कमरेवर हात ठेवून विचारलं, "अहो, इंजिन आणायला गेला होतात ना?"

"इंजिनच आणलंय," दिनानाथ म्हणाले. "त्याच्याभोवती थोडं लाकूड आहे, इतकंच."

बाईंना हसू आवरेना. बागेत तेव्हा शेवंती फुलली होती. दिनानाथांनी मला पिवळा रंग दिला आणि तेच नाव ठेवलं. जन्मात पहिल्यांदा मला नाव मिळालं, आणि खरं सांगते, मला रडू आलं असतं, पण बोटीला डोळे नसतात.

त्यांच्या डोक्यात बेत पक्का होता. मुंबईची हौशी मंडळी संध्याकाळच्या गाडीनं विरारला उतरायची, टांग्यानं आगाशीला येऊन दिनानाथांच्या ओटीवर झोपायची. पहाटे आनंदीबाई त्यांना चहा आणि उन्हात वाळवलेली सुकेळी द्यायच्या. मग उजाडायच्या आत, वारा पडलेला असताना, मी त्यांना घेऊन खाडीतून सुटायचे. अर्नाळ्याचा किनारा मागे टाकून बेटाकडे, बेटावरच्या किल्ल्याला वळसा घालून वैतरणेच्या मुखापर्यंत, आणि ऊन चढायच्या आत परत.

समुद्र शिकवायला पहिल्या वर्षी अर्नाळ्याचा बळीराम तांडेल, होडी हाकणारा कोळी, बरोबर होता. वाळूचे उंचवटे कुठे, भरती कुठवर, सगळं त्यानं दिनानाथांना दाखवलं. मग त्याची स्वतःची होडी झाली आणि तो मासेमारीला लागला.

ती पाहुणे मंडळी म्हणजे एकेक नमुना. निघताना देवाचं नाव, आणि मी जरा पळायला लागले की "अजून जोरात, अजून जोरात." एकदा एका गृहस्थांची टोपी उडाली तर त्यांनी समुद्रालाच दम दिला. बेटावर उतरले की कोळशानं किल्ल्याच्या भिंतीवर स्वतःचं नाव लिहायचे. तिथे काय बघितलं ते मात्र एकालाही सांगता यायचं नाही.

आनंदीबाई कधीच आल्या नाहीत. त्यांची इच्छा नव्हती असं नाही. दिनानाथांना एका साली हिवतापानं धरलं होतं, तेव्हा बाईंनी बेटावरच्या देवीला ओटी बोलली होती. माणूस बरा झाला, ओटी राहिली. अर्नाळ्याच्या बायका म्हणायच्या, चला आमच्या होडीतून. पण दिनानाथांना ते पटेना.

"आपली बोट दारात असताना दुसऱ्याच्या होडीत कशाला?" ते म्हणायचे. "जाऊ की एक दिवस, आपण दोघंच."

आणि रोज पहाटे पाहुणे असायचे. बाई चहा द्यायच्या आणि बांधावर उभ्या राहून मला जाताना बघायच्या.

आता जे सांगायचंय ते सांगते.

बागाईतदाराचा वैरी म्हणजे खारं पाणी. दिनानाथांच्या वडिलांच्या वेळी एका उधाणाला खाडीचा बांध फुटला आणि खार पानवेलीत शिरला. वर्षानुवर्षं तिथे गवतही धड उगवलं नाही. तेव्हापासून त्या घरात समुद्रावरून आलेल्या माणसानं आधी पाय धुवायचे, मग बागेत पाऊल टाकायचं. त्यांच्याकडे आजारी झाडाला औषध एकच, विहिरीचं गोडं पाणी.

तर पहिल्याच दिवशी मला केळीच्या खांबांवरून घरंगळवत खाडीतून बागेत ओढून घेतल्यावर दिनानाथ म्हणाले, "अगं, दोन हंडे आण. हिच्या अंगाला खार लागलाय."

आनंदीबाईंनी आणले. मला आतून बाहेरून न्हाऊ घातलं. किती बरं वाटलं म्हणून सांगू. आजवर कुणी मला गोड्या पाण्यानं अंघोळ घातली नव्हती.

रोज संध्याकाळी हेच. दिनानाथ इंजिन पुसायचे, बाई हंडे ओतायच्या. इंजिनाला ते मानवलं. लोखंडच ते, मीठ गेलं की चकचकीत. ते चकाकणारं इंजिन बघून दिनानाथ म्हणायचे, "बघ, तुझ्या हाताचा गुण." पण पाणी खाली जायचं. पायाखालच्या फळ्यांच्या आत, माझ्या कण्याशी, ते साचून राहायचं. माझं लाकूड खाऱ्यात टिकतं आणि गोड्यात सडतं. आणि पावसाळ्याचे चार महिने झावळ्यांच्या मांडवाखाली मी त्या गळतीत आणि त्या ओलीत नुसती पडून असायचे.

ही गोष्ट अर्नाळ्याच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणूनच ती कुणी बोलत नाही. माशाला पोहायचं कसं ते कोण सांगतं? बळीरामला वाटलं असणार, बोट घेतलेल्या माणसाला एवढं माहीत असेलच. तो संध्याकाळी कधी बागेत आला नाही. ती त्याची जाळ्यांची वेळ. आणि खार धुवायचा असतो हे दिनानाथांना कुणाला विचारावंसं कशाला वाटेल?

एकदा भर दुपारी आम्ही किनाऱ्याला लागलो होतो. बळीराम आपल्या होडीवर समुद्राचं पाणी बादल्या भरभरून मारत होता. मला हेवा वाटला. मनात म्हटलं, आता तरी विचारा हो, का मारतोस म्हणून.

दिनानाथांनी बघितलं आणि हळहळले. "बिचारे. किनाऱ्यावर विहीर नाही, करतील काय."

माझं तर अवसानच गळलं.

मग मी पाझरायला लागले. मला वाटलं, आता यांच्या लक्षात येईल. दिनानाथांनी भेगेत कापूस कोंबला, वर रंगाचे हात दिले आणि चिंतेनं बायकोला म्हणाले, "खार खातोय हिला. उद्यापासून अजून दोन हंडे घाल."

बाईंनी घातले. पाण्यानं जड झालेले हंडे, वय झालेली कंबर, पण एक दिवस खाडा नाही. मधूनच माझ्या नाकावर एखादं फूल ठेवायच्या. मला इतका जीव कुणी लावला नाही, आणि त्याच जिवानं मी आतून भुसभुशीत होत चालले होते. ओरडावं तर घसा नाही.

ते साल बावन्न. दिवाळी झाली. मला नवा रंग मिळाला, इतका जाड की आतलं काही दिसू नये. एका सोमवारी पाहुणे आले नाहीत. संध्याकाळी दिनानाथ म्हणाले, "उद्या मंगळवार. देवीचा वार. ओटीची तयारी कर."

आनंदीबाई हातातलं काम टाकून उठल्या. आत गेल्या आणि ट्रंकेतून हिरवं लुगडं काढलं.

मला रात्रभर एकच घोर. इतक्या लोकांना नेलं, आता या बाईला नेऊन आणायला तरी मला बळ दे. दुसरं काही मागितलं नाही.

पहाटे बाई माझ्यात चढल्या. आधी माझ्या पाया पडल्या. मांडीवर खण, नारळ, शेवंतीची फुलं. दिनानाथ म्हणाले, "मधोमध बस. काठाला हात लावू नकोस."

"तुम्ही हळू न्या," त्या म्हणाल्या. "मला सगळं बघायचंय."

एवढ्या वर्षांत हळू न्या म्हणणारं पहिलं माणूस. आम्ही सावकाश गेलो. तांबडं फुटलं, किल्ल्याचे बुरूज दिसायला लागले, माडांमागून धूर निघाला. बाई बोट दाखवून विचारायच्या, हे काय, ते कुठलं, आणि दिनानाथ नव्या जावयासारखे सगळं सांगायचे. देवीची ओटी भरली. परत माझ्यात येऊन बसल्या तेव्हा त्यांचा चेहरा इतका निवांत होता, की मला वाटलं, सुटलो. आता फक्त घर.

खाडीच्या तोंडाशी आल्यावर दिनानाथांना राहवलं नाही. "आता बघ आपली शेवंती," असं म्हणून त्यांनी मला भरधाव सोडलं.

नको हो, मी मनात म्हणाले. पण इंजिन माझं थोडंच ऐकतं. मी धावले. तोंडावरच्या लाटेवर उचलले गेले आणि खाली आपटले. आवाजही फार झाला नाही. सडलेलं लाकूड मोडताना ओरडत नाही. तळाची फळी गेली आणि समुद्र आत आला.

दिनानाथांनी बसायची फळी उपटली, बायकोच्या हाताखाली सारली आणि म्हणाले, "सोडू नकोस." स्वतः माझा काठ धरून राहिले. विहिरीत पोहायला शिकलेला माणूस. त्यांना वाटलं, लाकूड आहे, तरंगेल. मला पोटातलं इंजिन खाली ओढत होतं, आणि मला सोडा एवढं म्हणायलाही मला तोंड नव्हतं.

बळीरामची होडी मासे घेऊन परत येत होती. बाईंना त्यानं उचललं. मी ओहोटीला वाळूवर उघडी पडले. दिनानाथ पलीकडे, दातिवऱ्याच्या बाजूला सापडले.

अर्नाळ्याचे लोक मला फोडून सरपण करणार होते. आनंदीबाईंनी निरोप धाडला, तिला घरी आणा, तिला तिथे खारात ठेवू नका. त्या लोकांनी मला बैलगाडीवर घालून आणलं आणि रहाटाजवळ ठेवलं.

तेरावं झालं, आणि त्याच संध्याकाळी बाई हंडा घेऊन आल्या. मोकळ्या कपाळानं. माझ्यावर पाणी ओतलं, पदरानं काठ पुसला, दुसरा हंडा आणायला वळल्या.

तेवढ्यात बळीराम भेटायला आला. तो माझ्याजवळ वाकला आणि फुटलेल्या तळावर त्यानं अंगठा दाबला. अंगठा लाकडात सरळ आत गेला. त्यानं काढून वास घेतला. मग ओल्या काठाकडे बघितलं, रहाटाकडे बघितलं, बाईंच्या हातातल्या हंड्याकडे बघितलं. त्याचा चेहरा उतरला.

"वयनी," तो म्हणाला, "ह्ये पानी..."

"काय?"

"हिरीचं का?"

"मग? रोज मीच घालत आले. एक दिवस चुकवला नाही. पण खारानं खाल्लंच हो हिला, बळीराम. वाटतं, अजून दोन हंडे घालायला हवे होते."

मी इतकी वर्षं ज्या शब्दांची वाट बघत होते ते त्याच्या ओठांवर आले होते. आणि मी, जिला कधी ओरडता आलं नाही, ती मनात ओरडत होते, गप्प बस. तुला तुझ्या लेकरांची आण, गप्प बस.

बळीरामनं अंगठा पुसून टाकला. मग म्हणाला, "नाय वयनी. तुमी लय केलंव. समिंदराच्या म्होरं कोन काय करनार?" त्यानं त्यांच्या हातातला हंडा घेतला, विहिरीवर जाऊन भरून आणला, आणि अर्नाळ्याच्या तांडेलानं आपल्या हातानं माझ्या अंगावर गोडं पाणी ओतलं. त्यानंतर तो बागेकडे फिरकला नाही.

त्याला दोन वर्षं होऊन गेली. माझ्या उरल्या फळ्याही आता राहत नाहीत. एक हंडा खारं पाणी मिळालं तर आणखी थोडी तगेन, पण मला ते नको. काय करायचंय तगून?

एवढंच मागते. मी हे तुमच्यापाशी बोलले, ते तुमच्याजवळच ठेवा. कधी आगाशीला आलात, आणि रहाटापाशी एक म्हातारी मोडक्या बोटीला न्हाऊ घालताना दिसली, तर शहाणपण शिकवायला जाऊ नका. अर्नाळ्याच्या पोरांनाही सांगा, तिच्या बांधावर उभं राहून होड्यांच्या गप्पा मारू नका. तिला झोप लागते ती आपण सगळं केलं या एका समाधानावर.

रहाट थांबला. दिवेलागण झाली. त्या येतायत, कमरेवर हंडा, मध्येच थांबून दम खात.

या, आनंदीबाई. घाला पाणी.