वजनाआधी साखर

उल्काचं पत्र चैत्रात आलं होतं, आणि गणपती उठले तरी राजारामपंतांनी त्याला उत्तर धाडलं नव्हतं. पुतणीवर राग नव्हता. उलट भारी जीव. एम.एस्सी.ची दोन वर्षं ती लखनौला, इंदिरा नगरच्या याच घरात राहिली होती. पण पंत पडले शास्त्रज्ञ, तेही भिडस्त. पुरती खात्री झाल्याशिवाय जन्मभर संस्थेत त्यांनी तोंड उघडलं नाही, ते आता निवृत्तीनंतर घरात काय उघडणार!

उल्कानं अमेरिकेहून लिहिलं होतं, 'काका, वजनासाठी पोटाचं ऑपरेशन करून घेतलं. जठराची इवलीशी पिशवी उरलीय, तीही थेट पुढच्या आतड्याला जोडलेली. नवल म्हणजे वजन जेमतेम उतरलं होतं, तोच मधुमेहाची साखर ताळ्यावर आली. भूक लागतच नाही. गोड खाल्लं की घाम फुटतो, छाती धडधडते. काकूला सांगायचा धीर होत नाही. ती ताटावर शपथा घालणार. तुम्हीच तिला समजावा नि मला कळवा. मग दिवाळीला येते.'

वजनाआधी साखर कशी उतरली? पंत ग्रंथालयात जाऊन बसले. कुणी म्हणे आतड्यांतली संप्रेरकं, कुणी म्हणे नुसतं कमी खाणं. एक लेख दुसऱ्याला खोडून काढी, आणि पंत आपल्या उत्तराच्या मसुद्याला. उल्काचा फोन आला की "लिहितोय हं, बाळ," म्हणून ते रिसीव्हर विनयाकाकूंच्या हाती देत.

त्या दुपारी काकूंनी अनारशांसाठी तांदूळ निवडायला घेतले. "उल्कीला जाळीदार लागतात. पण अहो, ती येणार की नाही? विचारलं की म्हणते, काकांना विचार."

पंतांनी चष्मा पुसला आणि अडखळत सगळं सांगून टाकलं.

काकूंनी तांदळाचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्या हातचं खाऊन पोरीवर ही पाळी आली?"

"छे गं! भूक काय, साखर काय, बरंचसं संप्रेरकांच्या हातात. आता अन्न आतड्याचा वरचा भाग टाळून खाली लवकर पोचतं. तिथून संप्रेरकं सुटतात, इन्सुलिनला जोर येतो... असं वाटतं. नक्की मलाही ठाऊक नाही."

"एवढं 'ठाऊक नाही' लिहायला पाच महिने? तिकडे पोरगी तिकीट न काढता बसलीय! तिला चालतं तरी काय?"

"थोडं थोडं, सावकाश. वरण, दही. गोड नको."

"मग मुगाचं धिरडं चालेल की! आणि लिहा, शपथ घालणार नाही." काकूंनी कागद-पेन पंतांपुढे सरकवलं. "एकदा तरी 'अजून घे' म्हणेन हो. ते काही सुटायचं नाही. तिनं खुशाल 'नको' म्हणावं."

पंतांनी तेही लिहिलं. 'खरं कारण मला पुरतं कळलेलं नाही' हे वाक्य खोडायला पेन दोनदा उचललं. तोवर काकू बाहेर रिक्षा थांबवून उभ्या. "भैया, डाकखाने चलना है, ज़रा जल्दी!"

डाक निघायच्या आत पंतांनी ते वाक्य न खोडताच पाकीट पेटीत टाकलं.