मधली उसंत

बुधवारी दुपारी आमच्या चॅपलच्या हॉलमध्ये म्हाताऱ्यांचा नाच असतो. रेकॉर्ड लावायचं काम माझं. नवरा होता तोवर ते त्याच्याकडे होतं. तो गेल्यावर प्लेअरजवळची खुर्ची न विचारता माझ्या वाट्याला आली. गाणं संपलं की सुई उचलायची, रेकॉर्ड पाकिटात घालायची, दुसरी काढून पुसायची, लावायची. तेवढ्यात लोक एकमेकांचे आभार मानत, कपाळ पुसत, जोडीदार बदलत. त्या उसंतीकडे माझं कधी लक्षच गेलं नाही. मला एवढंच दिसायचं की सगळे नाचतात आणि मी बसते.

मग हॉलचं तळघर आवरताना एक जुना रेडिओग्राम, म्हणजे एकाच लाकडी पेटीत रेडिओ आणि प्लेअर, सापडला आणि झाकणाखाली रेकॉर्ड चेंजर निघाला. मधल्या उंच काठीवर रेकॉर्डची चळत ठेवायची. एक संपली की सुईचा दांडा आपणहून बाजूला होतो, चळतीतली खालची रेकॉर्ड धप्प पडते आणि दांडा परत येऊन तिच्यावर टेकतो. माझ्या तरुणपणी ज्यांच्या घरी असं यंत्र असे, त्यांच्या पार्टीला आम्ही हौसेने जायचो. तिथे यजमानीणसुद्धा नाचायची!

चेंजर अर्थातच बंद होता. सिरिल टिमिन्स म्हणाला, "मी बघतो." सिरिल विधुर. उभा जन्म त्याने वजनकाटे दुरुस्त करण्यात घालवला. नाचाला यायचा, पण बहुतेक वेळ भिंतीशी उभा असायचा. यंत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आलं आणि त्याच्यामागून दर गुरुवारी सिरिल.

पेटीवर नाव होतं ते फर्निचरच्या दुकानाचं. आतला चेंजर कुणाचा ते कळेना. सिरिलने दांड्याच्या आकारावरून कंपनी ठरवली, त्या हिशोबाने थाळी फिरवणारं रबरी चाक मागवलं आणि मोठ्या रुबाबात बटण दाबलं. वॉल्ट्झची धून इतकी संथ वाजली, जणू पुढे शवपेटी चालली आहे.

"सिरिल, कुणाला पुरायचंय का?"

"हस, हस. दांडा दुसऱ्याच यंत्राचा आहे. कुणीतरी बदललाय मेल्याने."

मग त्याने मधला चाप काढून फिरती थाळीच उचलली. खालच्या पत्र्यावर, काळ्या झालेल्या ग्रीसखाली, आकडा ठोकलेला होता. त्यावरून खरी ओळख पटली. योग्य चाक आलं. दगडासारखं घट्ट झालेलं ग्रीस त्याने माझ्या जुन्या टूथब्रशने, स्पिरिट लावून, दात्यादात्यातून काढलं. मी तेलाची कुपी पुढे केली की माझा हात बाजूला सारायचा. "इथे नाही. हा तुकडा कोरडाच हवा. लोक प्रेमाने तेल घालतात आणि यंत्र मारतात."

मी त्याला बेकन घातलेले करडे वाटाणे वाढायची. त्याला आवडायचे. हॉलमध्ये चहाचं टेबल सांभाळणारी हिल्डा सगळ्यांसमोर म्हणायची, "काय गं म्यूरिएल, सिरिल नक्की कशाला तेलपाणी करतोय?" मी हसायची. नाही म्हणत नव्हते. नाही म्हटलं असतं तर तो आला असता का, कोण जाणे.

एका गुरुवारी हात पुसता पुसता, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "हे चालू झालं की तू मोकळी होशील. पहिली वॉल्ट्झ माझ्याबरोबर?"

"आधी चालू तर कर," मी म्हटलं. तो ते होकारासारखं घेऊन गेला. मला ते कळलं होतं, आणि मी त्याला जाऊ दिलं. कारण माझ्या मनात लेस्ली वूडॉल होता. चांदीसारखे केस, चकचकीत बूट, आणि हात असा धरायचा की बाईला आपलं वजन उतरल्यासारखं वाटावं. इतकी वर्षं मी त्याला दुसऱ्या बायकांबरोबर नाचताना पाहत आले होते.

अखेर यंत्र चालू होऊन हॉलमध्ये आलं आणि तो बुधवार उजाडला. मी चळत चढवली. सिरिल खाली वाकून टॉर्चने दांडा बघत होता. पहिली रेकॉर्ड पडली, सुई टेकली, आणि लेस्ली समोर येऊन म्हणाला, "चला, अखेर आमच्या म्यूरिएलची सुटका झाली!" मी त्याचा हात धरला. मनाशी म्हटलं, पहिली याच्याबरोबर, दुसरी सिरिलबरोबर.

पण गाणं संपतंय तोवर दांडा सरकला, रेकॉर्ड पडली, सूर सुरू झाले. लेस्लीने हात सोडलाच नाही. कुणीच सोडला नाही. आभार मानायला, बाजूला व्हायला, दुसऱ्या कुणाला पुढे यायला त्या यंत्रात जागाच नव्हती. ही संपली की थांबते, असं म्हणत मी सगळी चळत नाचले. खरं सांगायचं तर मला थांबायचं नव्हतं. सिरिल यंत्राशी उभा होता. रेकॉर्ड मध्येच थांबवायचं बटण त्याच्या बोटापासून वीतभर लांब होतं. त्याने ते दाबलं नाही.

शेवटची रेकॉर्ड संपली, यंत्र आपोआप बंद झालं. मी गेले तेव्हा तो टॉर्च खिशात घालत होता.

"छान पडतात रेकॉर्ड," तो म्हणाला. "माझी बस आहे."

पुढच्या बुधवारी तो आला नाही. मी चळत लावलीच नाही. एकेक रेकॉर्ड हाताने लावत खुर्चीत बसले. ती मधली उसंत मला परत हवी होती. कुणी दारातून आलंच, तर पुढे येता यावं म्हणून. लेस्लीने विचारलं, "अगं, तुझं ते यंत्र?"

"बिघडलं," मी म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही.

"एका आठवड्यात? वा रे सिरिल!" तो मोठ्याने हसला. दोघं-तिघं हसले. मी रेकॉर्ड पुसत राहिले.

हिल्डाने ही बातमी सिरिलला खाटकाच्या दुकानात रांगेत सांगितली. म्हणजे सगळ्या रांगेला. त्याच्या पुढच्या बुधवारी, नाच रंगात असताना, तो हत्यारांची पेटी घेऊन दारातून आत आला. कोट न काढता थेट यंत्राशी. मी प्लेअरची सुई उचलली, लोक खुर्च्यांवर बसले. थाळी उचलली, चाक बोटाने फिरवलं, दाते पाहिले. नंतर चळत लावून बटण दाबलं. रेकॉर्ड पडली. दुसरी पडली. त्याने बंद केलं आणि पुन्हा सगळं तपासू लागला. कान लाल झाले होते. स्वतःच्या हातांवरचा त्याचा विश्वास माझ्यासमोर उडत चालला होता.

"काय सिरिल, वजनकाटाच बरा होता का?" लेस्ली म्हणाला.

"काही बिघडलेलं नाही," मी म्हटलं. आवाज चिरका निघाला. "बिघडलंच नव्हतं. मी खोटं बोलले."

मग हिल्डा टाळी वाजवून ओरडली, "अरे सिरिल, एवढंही कळत नाही? तिला गुरुवार परत हवेत!"

सगळे हसले, प्रेमाने हसले. सिरिलने वर पाहिलं. त्या तोंडावर जे आलं ते मला आजही डोळ्यांसमोरून घालवता येत नाही.

"खरंच?" त्याने अगदी हळू विचारलं.

हो म्हणणं फार सोपं होतं. सगळ्यांना तेच हवं होतं. कदाचित थोडंफार खरंही झालं असतं पुढे.

"नाही, सिरिल," मी म्हटलं. "तसं नाही. कधीच नव्हतं. तुला वाटू दिलं मी."

लेस्ली खिडकीतून बाहेर बघू लागला होता.

"ते त्या गुरुवारीच सांगायला हवं होतंस," सिरिल म्हणाला. "मी यंत्र तरीही केलं असतं."

त्याने पेचकस पेटीत ठेवला, रेकॉर्डच्या कडा सारख्या करून पूर्ण चळत काठीवर चढवली, बटण दाबलं आणि हिल्डाच्या टेबलाशी जाऊन चहा मागितला. तिने कधी नव्हे ते काही न बोलता ओतला.

रेकॉर्ड पडली. वॉल्ट्झ सुरू झाली. कुणी नाचायला उठलं नाही.